खेळाडूचा चेहरा कोणाच्या मालकीचा?

(मुरुम येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीच्या गुणवंतांबरोबर खेळाडू मुलामुलींचाही सत्कार योजिला आहे, याबद्दल चालक मंडळींचे आम्ही प्रथम अभिनंदन करितो. शाल आणि नारळ हे पूर्वी केवळ परीक्षेतील टक्क्यांच्या वाट्याला येत. आता समाजाची दृष्टी मैदानाकडेही वळली आहे. परंतु ती वळताच एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्याविषयीच चार शब्द बोलावेत असा आमचा मानस आहे.

बाजारपेठेतून उमरग्याच्या रस्त्यास लागावे, तो ठिकठिकाणी रंगीत फलक दृष्टीस पडतात. आपल्याकडे त्यांस नुसते 'डिजिटल' म्हणतात. मध्ये कुस्तीत वा खो-खोत चमकलेल्या मुलाचे छायाचित्र, आणि सभोवार शुभेच्छुकांची नावे. अभिनंदनाचे फलक लागावेत. त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. पण तेच छायाचित्र पुढे दुकानाच्या दिनदर्शिकेवर येते, विक्रीच्या बनियनवर छापले जाते, आणि जिथे तो मुलगा जेमतेम पंधरा दिवस सरावास गेला त्या अकॅडमीच्या प्रवेशपत्रिकेवर 'आमचा खेळाडू' म्हणून झळकते. कित्येकदा तर त्याने प्रवेश घेण्याआधीच झळकते! छापणाऱ्यास गिऱ्हाईक मिळते. मुलगा मात्र स्पर्धेस जाताना एस.टी.चे भाडे आणि खुराकाचे पैसे घरूनच आणतो. त्यास कोणी विचारले होते काय, हा प्रश्न आजवर कोणाच्या मनातही आलेला नाही.

खेळ आणि पैसा यांची सोयरीक आपल्या लोकांस नवी नव्हे. यात्रेतील फडात नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सारा व्यवहार उघड चालतो. जिंकणाऱ्याने इनाम घेतले म्हणून त्याची मल्लविद्या बाटली, असे आपल्या आजोबा-पणजोबांस कधी वाटले नाही. 'हौशी' खेळाडूची कल्पना विलायतेहून आली, आणि ती कोणाच्या घरून आली हे पाहण्यासारखे आहे. १८७९ साली हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी हौशी कोण हे ठरविताना कारागीर आणि मजुरी करणारा यांस त्या नावातून स्पष्ट शब्दांत वगळले. म्हणजे हात राबविणाऱ्याने त्यांच्या पंक्तीस बसू नये! पंक्तिभेद केवळ आपल्याच देशात होता असे समजणाऱ्यांनी हा नियम अवश्य ध्यानात ठेवावा.

या नियमाचा वरवंटा कोणावर फिरला? जिम थॉर्प हा अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीचा तरुण. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळविली. पूर्वी सुट्टीच्या दिवसांत किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून १९१३ साली ती काढून घेण्यात आली. थॉर्प १९५३ साली वारला. १९८२ मध्ये त्याचे नाव सहविजेता म्हणून परत लागले, आणि एकमेव विजेता म्हणून २०२२ मध्ये. म्हणजे स्पर्धेनंतर ११० वर्षांनी.

आपल्या महाराष्ट्रात खाशाबा जाधव यांचे चरित्र पाहा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडकडे बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. मिरवणुकीच्या मागे कर्ज होतेच. तेव्हा ते फेडण्यासाठी ऑलिंपिकचा हा वीर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून लढला, आणि आलेल्या पैशातून त्याने प्राचार्यांचे घर सोडविले. त्या काळच्या ऑलिंपिकची हौशीपणाची व्याख्या अक्षरशः लावू गेल्यास खाशाबांचे ते करणे कितपत बसले असते, याचा विचार श्रोत्यांनीच करावा. आम्हांस तर त्या फडातील त्यांचे लढणे पदकाइतकेच थोर वाटते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत हा वाद पुष्कळ वर्षे चालला. तेथे विद्यार्थ्यांच्या सामन्यांस लाखभर प्रेक्षक जमतात. प्रशिक्षकास कोट्यवधींचे वेतन, आणि खेळणाऱ्यास केवळ शिष्यवृत्ती. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने स्वतःच्या अंगातील बनियन १,००० डॉलरला विकले म्हणून त्यास चार सामन्यांस अपात्र ठरविण्यात आले. आणि त्याच वेळी विद्यापीठाच्या दुकानात त्याच्या आठ क्रमांकाचे बनियन राजरोस विकले जात होते! एड ओ'बॅनन या माजी खेळाडूने व्हिडिओ खेळात आपलीच प्रतिमा धावताना पाहिली आणि २००९ साली दावा लावला. अखेर १ जुलै २०२१ पासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंस आपले नाव, चेहरा आणि लौकिक यांवर पैसा मिळविण्याची मुभा झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयेही आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंस थेट देऊ लागली.

आपल्या देशात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. तथापि न्यायालये रिकाम्या हाती नाहीत. २००३ साली क्रिकेटच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, प्रसिद्धीचा हक्क हा माणसाचा असतो, स्पर्धेचा नव्हे. आयोजकाने तो आपला म्हणून सांगू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याचाही आधार आहे. मोठ्या नटांनी व खेळाडूंनी या बळावर मनाई हुकूम मिळविले आहेत. आता मुरुमच्या मुलाने दिल्लीस जाऊन वकील द्यावा, ही कल्पना हास्यास्पद आहे हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे काम न्यायालयाच्या आधी समाजात व्हावयास हवे.

आई-वडिलांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. अठरा वर्षांखालील मुलाने सही केलेला करार कायद्याने निरर्थक असतो; प्रिव्ही कौन्सिलने हे १९०३ सालीच ठरविले आहे. तेव्हा कोणी सोळा वर्षांच्या मुलापुढे छापील कागद धरून 'येथे सही कर, बूट देतो' म्हणू लागल्यास कागद घरी आणावा, शहाण्या माणसाकडून वाचून घ्यावा. त्याचप्रमाणे आंतरविद्यापीठीय स्पर्धांचे पात्रतेचे नियम निराळे असतात. वय, बारावीनंतर लोटलेली वर्षे आणि नियमित प्रवेश यांवर तेथे मुख्य भर असतो. तेव्हा दरवर्षी ते महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांकडून समजून घ्यावेत. जन्मतारखेत फेरफार करण्याचा मोह तर चुकूनही धरू नये. राज्यशासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, आणि तेथे प्रमाणपत्रांची पडताळणी होते. बनावट कागदाने आलेली नोकरी त्याच कागदाने जाते.

आपल्या जिल्ह्याने अलीकडेच मोठा मान पाहिला आहे. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा धाराशिवास भरला. अशा वेळी आपल्या पोरीबाळींचे चेहरे व्यापाऱ्यांच्या नजरेत भरणारच. मुलींच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशाचाही नाही. छायाचित्र कोणत्या मालाशेजारी छापले जाईल, आणि ते पाहून गावातील लोक काय बोलतील, हे तिला व तिच्या आईला आधी विचारलेच पाहिजे. काही घरांत अशा भीतीपोटी मुलीचा सरावच बंद होतो, आणि मग फलक लावणारे नव्या चेहऱ्याच्या शोधात निघतात.

कोणी म्हणेल, समाजाने मुलाला मोठे केले, मग त्याच्या फोटोवर समाजाचा हक्क नाही काय? आमचे म्हणणे असे की, कौतुकाचा हक्क आहे, विक्रीचा नाही. स्मरणिकेत सत्कारार्थीचे छायाचित्र छापणे निराळे, आणि त्याच छायाचित्राखाली जाहिरातदाराचे नाव घालून पानाचा दर वाढविणे निराळे.

या अनुषंगाने कार्यकारिणीपुढे आम्ही एक लेखी सूचना ठेविली आहे. खेळाडूचे छायाचित्र जाहिरातीच्या पानावर घ्यावयाचे झाल्यास त्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकांची, लेखी संमती घ्यावी. संमतिपत्र मराठीत असावे, आणि आपल्या भागातील ज्या घरांत कानडी बोलतात त्यांच्यासाठी कानडीतही असावे. तसेच त्या पानाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग त्या खेळाडूच्या नावे बँकेत किंवा पोस्टात ठेवावा. 'निम्मा' या शब्दास खजिनदारांची हरकत आहे, असे आमच्या कानी आले आहे. दुपारच्या सत्रात ही सूचना चर्चेस येईल, तेव्हा सत्कारास आलेल्या मुलामुलींनी भोजनानंतर घरी न जाता सभेस थांबावे, आणि त्यांस बोलण्याची संधी अध्यक्षांनी द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.