आधी खांदा बघा

भोपाळला समुद्र नाही, पण मोठा तलाव आहे आणि एनसीसीच्या नेव्हल विंगची मुलं तिथे होड्या वल्हवायला शिकतात. म्हणजे नौदल आपल्याला अगदीच परकं नाही. तरी एक खोड जात नाही. पांढऱ्या गणवेशातला कुणीही दिसला, की आपण त्याला 'कॅप्टनसाहेब' करून मोकळे!

अहो, आधी खांदा बघा. माहेश्वरी घेताना आपल्याकडच्या बायका काय करतात? पदर उलगडून पट्टे बघतात, तीन रंगीत नि मधे दोन पांढरे. काठावर वीट आहे की चटाई, तेही तपासतात. भाव त्यानंतर. तीच नजर इथे लावा. एक पट्टी सब-लेफ्टनंटची, दोन लेफ्टनंटच्या. दोहोंच्या मधे एक बारीक आली, की लेफ्टनंट कमांडर. तीन कमांडरच्या आणि चार झाल्या की मग कॅप्टन. हा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्कराचा कॅप्टन मात्र नौदलातल्या लेफ्टनंटच्या पंगतीत बसतो. पुन्हा सांगतो, कारण घसरतात सगळे इथेच: नौदलाचा कॅप्टन कर्नलच्या तोलाचा. चार पट्ट्या तर विमानाच्या कॅप्टनलाही असतात, पण नौदलाच्या वरच्या पट्टीला गोल वेढा असतो. पट्टे सारखे दिसले म्हणून प्रत्येक साडी माहेश्वरी नसते!

अॅडमिरल मंडळींच्या खांद्यावर तारे. रिअर अॅडमिरलला दोन, व्हाइस अॅडमिरलला तीन, अॅडमिरलला चार. ४ डिसेंबर २०२३ला मालवणात, सिंधुदुर्गाच्या साक्षीने नौदल दिन झाला, तिथे घोषणा झाली आणि महिनाअखेरीस यांच्या खांद्यांवर नवी नक्षी आली. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, त्यात तलवार आणि दुर्बीण. इंग्रजी वळणाची नेल्सनची कडी गेली, नौदलाचं सोनेरी बटण आलं. आपल्या मराठी घरांत फोटो भराभर फिरले. छानच झालं. पण त्या फोटोत तारे किती होते विचारा, सगळे गप्प! खांदा बघा म्हणतो ते यासाठीच.

नाविकांच्या बाहीवरचा नांगर राहिलाच. तो एकेरी आहे की दोन नांगर एकमेकांत अडकवलेले, यावरून... पण काचेपलीकडून हात दाखवताहेत, वेळ संपली. येत्या ४ डिसेंबरला टीव्हीवर नौदलाचा कार्यक्रम लागला, की मुलांना जवळ बसवा आणि पट्ट्या त्यांनाच मोजू द्या.