आधी पाणी, मग समारंभ



व्हिडिओ गेमवर लिहिणारा माणूस वळसंगच्या साहित्य मेळाव्याचा अध्यक्ष कसा, असं मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी विचारलं. कन्नडमध्ये विचारलं, शेजारच्याने मराठीत सांगितलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की गेली काही वर्षं मी फसलेल्या खेळांबद्दल लिहितोय, आणि त्या फसण्यामागे अनेकदा आपल्याच, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या, धंद्यातली चूक निघते.

माझी स्वतःची पहिली फसगत सोलापुरातली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम घरी आला, सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर छापलं होतं, ‘९९९९९९९ इन १’. मी आणि माझा चुलतभाऊ हिशेब करत बसलो. रोज दहा खेळले तरी अडीच हजारांहून जास्त वर्षं पुरतील! मग यादी खाली सरकवत गेलो. पाच झाले की पुन्हा पहिलाच, फक्त नाव बदललेलं. कॅसेट काढून फुंकर मारली, जणू उरलेले खेळ धुळीखाली अडकलेत. पण खरं सांगतो, त्या पाच खेळांवर आम्ही दोन उन्हाळे काढले. खेळ चांगले होते, खोटं होतं ते लेबल.

पुढे मोठेपणी हीच कॅसेट मला वेगवेगळ्या वेष्टनांत भेटत राहिली. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी या खेळावर बंदी आली आणि दोनच दिवसांनी अक्षय कुमारने ‘फौ-जी’ या खेळाची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ ला खेळ आला, तोवर चाळीस लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली होती. उघडून पाहतात तर गलवानचं खोरं, जखमा भरून काढायला शेकोटी, आणि हातघाई. बंदूक नाही. मित्रांची टोळी करून उतरायची सोयही नाही. गलवानची ती भारत-चीन सैनिकांची झटापट बंदुकांविनाच झाली होती, तेव्हा एका अर्थी खेळ प्रामाणिकच होता. पण लोक वाट पाहत होते पब्जीच्या वारसाची. काही दिवसांत प्ले स्टोअरवर त्याचं मानांकन पाचपैकी तीन ताऱ्यांच्या आसपास घसरलं. त्या सप्टेंबरात मीही उत्साहाने कौतुकाचा लेख लिहिला होता. खेळ पाहिला नव्हता, घोषणा पाहिली होती. बाजारात तुरी... या तुरीच्या पट्ट्यात उरलेली म्हण मी पुरी करत नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ तसाच. २०२२ मध्ये घोषणा, एक कोटीहून जास्त नोंदण्या आणि प्रत्यक्ष खेळ १६ ऑक्टोबर २०२४ ला. दोन वर्षं नुसती वाट पाहणाऱ्याच्या मनात तोवर एक वेगळाच खेळ तयार झालेला असतो. त्याच्याशी टक्कर कोण घेणार?

मला थांबायचंय ते पुण्याच्याच ‘राजी’पाशी, कारण तिथे दुखणं आपलं आहे. नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, लक्ष्य एक लाख वीस हजार पौंड. ते गाठलं नाही. तरी हट्टाने १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ आणलाच, आणि त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं. राजी ही तरुण मुलगी हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी मांडलेत, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनीही कौतुकाने पाहावेत असे. भिंती, कमानी, राजस्थानी झरोके... मी तर कित्येकदा लढाई सोडून नुसता पाहत उभा राहिलो आणि मार खाल्ला.

आणि मग गोष्ट मध्येच संपते. चार-पाच तास राजीबरोबर धावलेला माणूस पडद्यावर नामावली सरकू लागल्यावर विचारतो, ‘अहो, पण पुढं?’ लढाई अडखळते ही तक्रार समीक्षकांनी केली, ती खरीच. पण शेवट तुटक आहे ही तक्रार वाचकाची आहे. माझा अंदाज असा, की पैसा आणि वेळ संपत आला की खेळाचं रूप राखलं जातं आणि कात्री कथेवर चालते. लेखकाला शेवटी बोलावतात आणि सगळ्यात आधी थांबवतात. कादंबरीचं शेवटचं प्रकरण कुणी असं सोडलं असतं, तर आपण त्याला या मंडपातून जाऊ दिलं असतं का?

बाहेरच्या देशांतही वेगळं घडलं नाही. १९८२ साली अमेरिकेच्या अटारी कंपनीने ‘ईटी’ चित्रपटावरचा खेळ पाच-सहा आठवड्यांत करून घेतला, कारण नाताळचा बाजार गाठायचा होता. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा लोक बघायला जमले होते. पोलंडचा ‘सायबरपंक २०७७’ इतका कच्चा आला, की डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. पुढे दुरुस्त होऊन तो नावाजलाही गेला. त्यांच्याकडे दुरुस्तीपुरता पैसा होता. पुण्यातल्या चार टेबलांच्या कचेरीकडे तो नसतो.

येताना मी तुमच्या विहिरीपाशी थांबलो. पाणी नाकारलेल्या माणसांनी ती स्वतः खणली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते ती खुली झाली. त्या विहिरीची कशाशी बरोबरी करायचं धाडस मी करणार नाही. फक्त क्रम पाहा, या खेळांच्या अगदी उलटा. आधी खणलं, पाणी लागलं, मग समारंभ झाला.

म्हणून संयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी या मंडपात एक टेबल ठेवा. इथल्या शाळा-कॉलेजातल्या पोरांनी दोन मिनिटांचा का होईना, पण शेवट असलेला खेळ करून आणावा. मराठीत आणावा, कन्नडमध्ये आणावा. कथाकारांनी त्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून बसावं. पोस्टर लावू नका, प्रमुख पाहुणे बोलावू नका. आणि पहिला डाव चहाच्या वेळी भेटलेल्या त्या आजोबांना खेळू द्या.