नदी किती फूट?

पावसाळ्याने जोर धरला की सांगलीच्या पेठेत, कोल्हापूरच्या घाटावर आणि नदीकाठच्या खेडोपाडी एकच पृच्छा कानी पडते : आज किती फूट? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा व 45 ला धोका, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी 39 आणि 43, हे आकडे तेथील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. आणि 2019 च्या ऑगस्टात सांगलीला कृष्णा 57 फुटांवर गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना फुटांचे महत्त्व मी काय सांगावे? तथापि फूट ही केवळ पाण्याची उंची होय. दर सेकंदास किती पाणी वाहून जाते, अर्थात विसर्ग किती, हे नुसत्या उंचीवरून कळत नाही.

कणगीत धान्य हातभर चढले, एवढ्यावरून ते किती पायली हे कोणतीही गृहिणी सांगणार नाही. तिला कणगीचा घेर ठाऊक हवा, तळ ठाऊक हवा. नदीच्या कणगीचा तळ तर दर पुरागणिक बदलतो, कोठे गाळ बसतो, कोठे वाळू खरवडून जाते. शिवाय कणगीतले धान्य स्वस्थ बसते आणि पाणी धावते. म्हणून पात्राचे उभे भाग पाडून, प्रत्येक भागात फिरत्या पेल्यांचे यंत्र पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर सोडून वेग मोजतात, कारण तेथला वेग त्या भागाच्या सरासरीच्या जवळपास असतो. क्षेत्रफळाला वेगाने गुणले की विसर्गाचे क्युसेक, म्हणजे दर सेकंदाचे घनफूट, निघतात. निरनिराळ्या पातळ्यांना असे मोजून जो तक्ता सिद्ध होतो, त्याच्या आधारे पुढे पट्टीवरचे फूट वाचून विसर्ग काढता येतो; परंतु पात्र बदलले की तोच तक्ता दिशाभूल करू लागतो, आणि दप्तरी मात्र जुनाच राहतो!

सांगलीचेच पाहा. पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेचे पाणी पुढे सरकेनासे होऊन मागे फुगते, तेव्हा वरून येणारा विसर्ग तेवढाच असूनही पुलाशी फूट वाढतात. म्हणून पुन्हा सांगतो, फूट विचारा, अवश्य विचारा, आपले घर बुडणार की नाही हे त्यावरच ठरते. पण त्याच दमात क्युसेकही विचारा, आणि तो आकडा ताज्या मोजणीचा आहे काय, हेही अंमलदारांना विचारा.

उन्हाळ्यातील नोंदींविषयी बोलायचे राहूनच जात आहे. पाणीवाटपाच्या तंट्यात कामास येते ती चैत्र-वैशाखातील क्षीण प्रवाहाची नोंद, आणि उथळ पाण्यात दोन इंचांची चूकही सारा हिशेब बिघडवते. पण वेळ संपत आली. एवढेच विनवितो, की घाटावरच्या मोजपट्टीला होडी बांधू नका, तिच्यावर धुणे आपटू नका. पुराच्या दिवसांत तासातासाला, अपरात्रीही, कोणाला तरी विजेरीच्या उजेडात तिच्यावरचे अंक वाचावे लागतात.