पटावरून पुसलेली नावे

(चिंचवड येथे पालक व शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी निकाल लागले की आपल्या शहरात एक वाक्य हमखास कानी येते : ‘महापालिकेच्या शाळा मागे पडल्या.’ असे म्हणणाऱ्याच्या मनात शाळेविषयी द्वेष असतोच असे नाही. पण मागे पडल्या म्हणजे कोणाच्या मागे, आणि त्या शाळांच्या बाकांवर आज बसते कोण, हे दोन प्रश्न तो विचारीत नाही. तेच मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पवनेकाठचे हे मोरया गोसावींचे गाव. १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले, आणि पाहता पाहता येथील शेतांवर कारखान्यांची छपरे चढली. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांवर गेली. ही माणसे आभाळातून पडली नाहीत. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, पुढे उत्तर प्रदेश आणि बिहार येथून ती पोटासाठी आली, आणि येताना मुलांना घेऊन आली.

पहिल्या पिढीतील कामगार कारखान्यात कायम होता. त्याची मुले नगरपालिकेच्या शाळेत शिकली. संघटनेच्या बळावर त्याचा पगार वाढला, घर झाले, आणि त्याने नातवंडांना खाजगी इंग्रजी शाळेत घातले. त्याला मी दोष देत नाही. पण त्याच्याबरोबर शाळेतून केवळ मुले गेली नाहीत; मुख्याध्यापकाला जाब विचारणारा, नगरसेवकाचे दार ठोठावणारा पालकही गेला. त्याच्या जागी आज कंत्राटी कामगार, बांधकामावरील मजूर, घरकाम करणारी बाई आहे. एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. मग पालकसभेला येणार कोण? कंत्राट संपले की खोली बदलते. भोसरीहून मोशी, मोशीहून चाकण. आणि खोलीबरोबर मुलाची शाळाही बदलते.

या हेलकाव्यांचा सर्वांत मोठा फटका बसतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांत. खालच्या वर्गांत मूल कसेबसे निभावून नेते. येथे मात्र अपूर्णांक येतात, विज्ञान येते, स्वतः वाचून समजून घेण्याची वेळ येते. नेमक्या याच वयात मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहू लागते आणि मुलगा टपरीवर हाताखाली जाऊ लागतो. त्यातच राज्याची जुनी रचना चौथी आणि सातवीला तोडणारी. जेथे शाळा सातवीला संपते, तेथे आठवीसाठी नवे दार शोधावे लागते, आणि कित्येकांना ते सापडत नाही.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सांगतो की, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी एक तरी शिक्षक हवा. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. आणि वयानुसार वर्ग दिलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. बारा वर्षांच्या मुलाला सहावीत बसवले, पण वाचायला शिकवले नाही, तर आपण त्याला बाक दिला, शिक्षण दिले नाही.

आता शिक्षकबंधुभगिनींना दोन शब्द. ‘आमच्याकडे मुलेच अशी येतात,’ हे उत्तर मला मान्य नाही. दवाखान्यात आजारीच माणसे येतात म्हणून डॉक्टर हात झटकत नाही. मुलांची परिस्थिती हे शाळेपुढचे काम आहे. ती शाळेची सबब होऊ शकत नाही. पण ज्यांनी निकालाची तुलना चालवली आहे, त्यांनाही मी सांगेन की, जेथे फी हीच चाळणी आहे तेथील धान्याशी न चाळलेल्या धान्याची तुलना करणे हा न्याय नव्हे. मूल जूनमध्ये कोठे होते आणि एप्रिलमध्ये कोठे पोहोचले, हेच शाळेचे खरे माप.

शिवाय टक्केवारी वाढवण्याचा एक फार सोपा मार्ग आहे : कच्च्या मुलाचे नाव पटावरून गळू द्यावे. ते मूल परीक्षेला बसत नाही, नापास होत नाही, निकाल सुधारतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. निकालाच्या फळ्यावर टक्केवारीशेजारी आणखी तीन आकडे लिहा : जूनमध्ये पटावर किती मुले होती, मध्येच किती आली, आणि किती गेली. गेलेल्या प्रत्येक नावापुढे ते मूल आज कोणत्या शाळेत आहे, याची नोंद दप्तरात हवी. ‘स्थलांतरित’ एवढा शेरा मारून कोणाचीही जबाबदारी संपू नये.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे एक रोकडा हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. आपली महापालिका श्रीमंत म्हणून ओळखली गेली ती २०१३ पर्यंत कारखान्यांच्या मालावर मिळणाऱ्या जकातीमुळे. तो माल ज्यांच्या हातांनी घडला, त्यांच्याच मुलांचा हा प्रश्न आहे. ज्यांची मुले या शाळांतून गेली आणि ज्यांची मुले कधी आलीच नाहीत, त्या सर्वांना माझी विनंती आहे : येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतील शाळेत जा आणि विचारा, गेल्या वर्षी सहावीत असलेली सगळी मुले आज सातवीत आहेत काय? नसतील, तर ती नावे लिहून घ्या आणि शोधायला निघा.