रस्त्यावरचं विद्यापीठ आणि आपले दावे

(एरंडोलच्या बैठकीत झालेलं भाषण)



एरंडोलहून मोर्चाला जळगावला जाताना पाळधी सोडली की गिरणेच्या पुलाअलीकडे टेकाडावर विद्यापीठ लागतं. एसटीच्या खिडकीतून आपण ते किती वेळा पाहिलं, पण उतरलो नाही. तिथं शिकलेल्यांचं काम, आपलं काय, असं वाटतं.

१५ ऑगस्ट १९९० ला ते सुरू झालं. आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे याच्याकडे. सातपुड्यातलं पोरगं बी.ए. झालं तर डिग्री इथूनच येते. जागा साडेसहाशे एकर. (आपल्याला कायद्यानं कुटुंबामागे चार हेक्टरच्या वर मिळत नाही, अन् तेवढ्यासाठीही चपला झिजल्या.)

२०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याची शेतकरी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं गायलेलं घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून राहिलं. आपल्या दाव्यांचं तेच आहे. म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक, कुठला नाला, कुठं देवाची जागा, जंगलखात्यानं कधी पीक मोडलं. पण समितीनं 'पुरावा काय' विचारलं की आपण गप्प. वनहक्काच्या नियमांतला नियम १३ काढून बघा. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. फक्त तो दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे हेही पुरावे. एकापेक्षा जास्त जोडायचे. अमुकच कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत तसं लिहिलंय.

खान्देशचं गॅझेटियर इंग्रजांनी १८८० ला छापलं. भिल्लांवर त्यात बरीच पानं आहेत. साहेबानं सगळं काही चांगलं लिहिलेलं नाही, तरी वाचायचं. त्यानं तुमचा प्लॉट सिद्ध होणार नाही, पण सामूहिक दाव्याला आधार मिळतो. आपण डोंगरात कालपरवा घुसलो नाही, हे सरकारच्याच कागदात दिसतं.

तर प्रत्येक गावानं कॉलेजातली दोन-दोन पोरं-पोरी नेमा. ग्रामसभेचा ठराव आणि अर्ज घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं. गॅझेटियर, जुनी जनगणना मागायची, पान नंबर टिपून झेरॉक्स आणायची. नाही म्हणाले तर नकार लेखी मागायचा. ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांनी घाई करा, अपिलाला साठच दिवस असतात. आणि म्हाताऱ्यांचे जबाब पावसाआधी लिहून घ्या. नंतर माणसं निंदणीला जातात, घरी सापडत नाहीत.