पाणवठ्याचा कायदा आणि नळाचे टोक

(कवठे महांकाळ येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणीपुरवठा आणि पाण्याची बचत या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. पाण्यावर बोलावयाचे तर इंजिनियराने बोलावे, वकिलाचे तेथे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. परंतु या देशात पाण्याचा प्रश्न निदान आपल्यापुरता तरी प्रथम कोर्टाच्या पायरीवरच सुटला, हे विसरून चालणार नाही. यास्तव आरंभ मी माझ्याच धंद्यातील एका दाव्यापासून करतो.

महाडचा सत्याग्रह आपणां सर्वांस पाठ आहे. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. पण त्यानंतर चाललेल्या खटल्याची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. सत्याग्रह झाल्यावर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास स्पर्श करू नये अशी अनादि रूढी आहे, हे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. महाडचे कोर्ट, ठाण्याचे अपील आणि मुंबई हायकोर्ट अशा तीन पायऱ्या चढून १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. वादींना ती रूढी सिद्ध करता आली नाही. दावा लागल्यापासून नऊ वर्षे तीन महिने लोटले होते.

त्या खटल्यात भाषणांनी काम झालेले नाही. तळे कोणाच्या मालकीचे, नगरपालिकेचे दप्तर काय सांगते, वहिवाट केव्हापासूनची, साक्षीदार काय बोलतो, यांवर निकाल ठरला. सत्याग्रहाने हक्क जगापुढे मांडला, कागदाने तो कोर्टात टिकवला. दोहोंपैकी एकानेच भागले असते असे मला वाटत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील तालुका. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अग्रणी नदी आपल्या उशाशी वाहते. अग्रण धुळगावच्या तर नावातच ती आहे. पण वर्षातील बहुतेक महिने ती नदी म्हणजे वाळूचा पट्टा, हेच आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. गेल्या दशकात लोकसहभाग आणि सरकारी यंत्रणा यांच्या मेळाने तिचे पात्र रुंद व खोल करण्यात आले, बंधारे घालण्यात आले, आणि काठच्या विहिरींस त्याचा लाभ झाला. दुसऱ्या बाजूने म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे येते. १९८४ साली मंजूर झालेली ही योजना आपल्या दारापर्यंत यावयास किती काळ लागला, हे ज्यांनी टँकरच्या मागे धावून दिवस काढले त्यांनाच विचारावे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर पाणी घेऊन ती आपल्याच स्टेशनावरून पुढे गेली. दुष्काळी तालुक्यातून दुष्काळी जिल्ह्याकडे पाणी धावत होते. त्यात तक्रारीचे कारण नाही. तहानलेल्यास पाणी पाजणे हे कोणासही उणेपणा आणणारे नाही. परंतु ज्या वस्तीत माणशी दोन घागरी येत नाहीत तिच्या डोळ्यांसमोरून ती गाडी गेली, एवढेच नमूद करतो.

या वस्तीबद्दलच मला बोलावयाचे आहे. आज कोणी उघडपणे 'तुम्ही पाणी भरू नका' असे म्हणत नाही. म्हणेल तर तो गुन्हा होतो, हे त्यास ठाऊक असते. मग अडचण कोठे आहे? ती जमिनीखाली, पाइपात आहे. नळाला जात नसते असे म्हणतात. नसेलही, पण त्याला उतार असतो, व्यास असतो, व्हॉल्व असतो, आणि व्हॉल्वची चावी कोणाच्या तरी हातात असते. गाव पूर्वी वसले तेव्हा आपली वस्ती वेशीबाहेर टाकली गेली. पुढे नळयोजना आली तेव्हा टाकी गावात, मुख्य वाहिनी गावातून आणि वस्ती शेवटच्या टोकाला, अशी रचना आपोआप झाली. वरच्या घरांनी नळाला विद्युत मोटारी जोडल्या की शेवटच्या टोकाला वारा तेवढा येतो. म्हणजे जुन्या रूढीने आखलेला नकाशा नव्या योजनेने तसाच गिरवला. तो गिरवणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. परंतु द्वेष नसला म्हणून घागर भरते असेही नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. नळाला दाब कमी आला की लगेच 'हा जातीय अन्याय' असे म्हणून तक्रार लिहू नका. कित्येक ठिकाणी सर्वच गावाला पाणी कमी येते. कित्येक ठिकाणी पाइप फुटलेला असतो. खोटी ठरणारी एक तक्रार खऱ्या दहा तक्रारींचे बळ घेऊन जाते. यास्तव प्रथम मोजा. एक वही घ्या. पंधरा दिवस रोज पाणी किती वाजता आले, किती मिनिटे टिकले, किती घागरी भरल्या, हे लिहा. त्याच दिवशी मधल्या आळीत आणि टाकीजवळच्या आळीत काय स्थिती होती हेही लिहा. आपल्या मुली शाळेत गणित शिकतात. हे काम त्यांच्याकडे सोपवा. हायकोर्टात नगरपालिकेच्या दप्तराने जे काम केले ते तुमच्या तक्रारीत ही वही करील.

वही भरल्यावर कायदा पाहू. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या अशा जागांबाबत धर्म वा जात या कारणाने कोणावरही निर्बंध घालता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्यास आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, पाणवठ्यावरची बंदी शिक्षापात्र केली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याहून पुढे जातो. त्याच्या कलम ३ मध्ये, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, सार्वजनिक विहीर, तलाव, नळ यांच्या वापरास अडथळा करणे, पाण्याच्या वा सिंचनाच्या हक्कात ढवळाढवळ करणे आणि आपण वापरीत असलेले पाणी घाण करणे, या तिन्ही गोष्टी येतात.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक भीती असते. 'आम्ही धर्म बदलला, आता हा कायदा आम्हांस लागू राहील का?' असे मला कचेरीत वारंवार विचारले जाते. राहील. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. ज्याची मूळ जात त्या यादीत आहे त्याने बौद्ध धम्म स्वीकारल्याने हे संरक्षण सुटत नाही. तेवढे जातीचे प्रमाणपत्र मात्र नीट काढून ठेवा. दीक्षेनंतर कागदपत्रांची हेळसांड करण्याची एक खोड आपल्यात आहे, आणि ती ऐन वेळी फार महाग पडते.

तथापि पोलीस ठाणे ही अखेरची पायरी समजा. त्याआधी चढावयाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या बहुधा रिकाम्या असतात. खेड्यातील घरांसाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेले जलजीवन मिशन आहे. प्रत्येक घरात नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी हे त्याचे उद्दिष्ट. त्याची मुदत २०२४ पर्यंत होती. ती २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. या मिशनच्या नियमांप्रमाणे गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात आणि दुर्बल घटकांस लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान हवे. आपल्या गावी ही समिती आहे काय? असल्यास त्यात आपल्या वस्तीतील कोण आहे? तो वा ती सभेस जाते की घरी आलेल्या रजिस्टरवर सही करते? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मला अनेकदा खाली पाहावे लागले आहे. ग्रामसभा वर्षातून निदान चार भरवाव्या लागतात. त्यांत वस्तीच्या वाहिनीचा विषय लेखी द्या आणि तो कार्यवृत्तात आला की नाही ते पाहा. न आल्यास माहिती अधिकार कायदा २००५ आहे. तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. कवठे महांकाळ शहरातील रहिवाशांनी हाच व्यवहार नगरपंचायतीशी करावा.

पैसा नाही, हे उत्तर मिळेल. तेही तपासून घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजना आहे आणि पिण्याचे पाणी हे तिच्यातील एक काम आहे. ज्यांना थोडीबहुत जमीन आहे त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून आहे. नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, ठिबक, शेततळ्याचे अस्तर यांस तीत साहाय्य मिळते. निधी येतो आणि मागणी नसल्यामुळे दुसऱ्याच आळीचा रस्ता होतो, हे मी पाहिले आहे.

आता थोडे कडू बोलतो. आपल्याही वस्तीत नळाला तोटी नसते. पंधरा लिटरची घागर दोन मिनिटांत भरते असे धरा. तोच नळ तासभर उघडा राहिला तर साडेचारशे लिटर गटारात जातात. पाच माणसांच्या घराचा, माणशी ५५ लिटरप्रमाणे, दिवसाचा हिस्सा २७५ लिटरचा. म्हणजे एका उघड्या तोटीने दीड दिवसाहून अधिक काळाचे पाणी तासात घालविले. वरच्या आळीने मोटार लावली म्हणून आपणही लावली, तर आपल्यामागे जे शेवटचे विधवा बाईचे घर आहे त्याचे काय? तिच्यापुरते आपणच वरची आळी झालो. आणि पाणीपट्टी भरा. पावती जपून ठेवा. थकबाकीदाराची तक्रार साहेब लोक वाचण्यापूर्वीच बाजूस ठेवतात; तो नियम नव्हे, पण रीत आहे.

पावसाचा हिशेबही असाच सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तीनशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पावसात त्यावर १४,००० लिटर पडतात. गळती, उडणे, पहिल्या सरीचे घाण पाणी वजा जाता ११,००० तरी हाती लागावेत. त्या पाच माणसांच्या घराचे ते चाळीस दिवसांचे पाणी होय. ज्याला टाकी बांधणे परवडत नाही त्याने ते पाणी खड्ड्यातून जमिनीत मुरवावे. विहाराचे छप्पर तर घरापेक्षा मोठे असते. विहार बांधताना आपण कमानीचा विचार करतो, पन्हळीचा करीत नाही.

जमिनीतील पाण्याबद्दल मात्र एकट्याने केलेली बचत पुरत नाही. ज्याची ऐपत अधिक तो अधिक खोल बोअर मारतो आणि शेजारच्या सार्वजनिक विहिरीचा तळ उघडा पडतो. पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून पाचशे मीटरच्या आत मनमानी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्यानेच आळा घातला होता. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. कायदा आहे, तो गावात कोणी वाचलेला नाही. द्राक्षबागा जगल्या पाहिजेत, त्यांवर आपल्यातील कित्येकांची मजुरी चालते. पण बाग आणि घागर यांत निवड करण्याची वेळ आली तर घागर प्रथम, हे ग्रामसभेत स्पष्टपणे मांडण्यात संकोच कसला?

राहता राहिला भूमिहीनांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हैसाळचे पाणी ज्याची जमीन त्याच्या शेतात जाते. उपशाच्या विजेचे ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के लाभधारकाने सोसावयाचे, असे ठरलेले आहे. म्हणजे त्यातील मोठा वाटा सर्व जनतेच्या तिजोरीतून, अर्थात भूमिहीन मजूर साबण घेताना जो कर देतो त्यातूनही जातो. मग त्या पाण्यात त्याचा हिस्सा किती? हा प्रश्न कोणास नवखा वाटेल, पण तो महाराष्ट्रात पूर्वीच विचारला गेला आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा हिस्सा जमिनीवर न ठरविता घरातील माणसांवर ठरविला आणि भूमिहीनांनाही हिस्सा दिला; उसाला मात्र त्या पाण्यात जागा दिली नाही. आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण १९८० च्या दशकात लोकांनी उभारले, त्याच्या वाटपातही हेच तत्त्व होते. ही उदाहरणे लहान आहेत, त्यांच्या पुढील वाटचालीत अडचणीही आल्या असतील. तरी 'जमीन नाही म्हणून पाण्यावर हक्क नाही' हे वाक्य निसर्गाचा नियम नसून माणसांनी केलेली व्यवस्था आहे, एवढे त्यांनी दाखवून दिले. म्हैसाळच्या पाण्याने गावतलाव भरून घेण्याची मागणी यासाठीच लावून धरा. तलाव भरला की भोवतालच्या विहिरी वाढतात. त्यांत पिण्याची विहीरही असते, आणि तिच्यावर सातबारा लागत नाही.

माझ्यापाशी वेळ थोडा उरला आहे आणि बाहेर उन्हे उतरली आहेत. पुढील ग्रामसभेत द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. त्यात वाहिनीचा व्यास, व्हॉल्वची वेळ आणि समितीतील सदस्यांची नावे या तीन गोष्टींची माहिती मागितली आहे. ज्यांची घरे नळाच्या शेवटच्या टोकाला आहेत, विशेषतः ज्या भगिनी प्रत्यक्ष पाणी भरतात, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मोकळ्या वह्या टेबलावर ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि सकाळी पाणी किती वाजता आले होते ते आठवून लिहा.