पहिला कोण? सूत्राचा कौल

जे दोन संघ कधी समोरासमोर आलेच नाहीत, त्यांतील श्रेष्ठ कोणता हे कसे ठरवावे? अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलपुढे हा जुनाच पेच आहे. चेंडू हाती घेऊन धावण्याचा हा खेळ. संघ शंभराहून अधिक, आणि हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने मात्र डझनभर!

इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ साली यावर गणिताचा उपाय योजला. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावरील विजयाला अधिक गुण, दुबळ्यावरील विजयाला कमी. नोटर डेमचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या आग्रहावरून तेच सूत्र मागे नेऊन १९२४ च्या हंगामालाही लावले गेले. आणि पहिला आला नोटर डेमच!

२००३ साली मतदान आणि संगणकांची सूत्रे यांच्या मेळातून अंतिम सामन्याचे दोन संघ निवडले जात. पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांनीही पहिला ठरविलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ एकूण हिशेबात तिसरा आला, आणि त्या सामन्याला मुकला.

इतिहासाची क्रमवारी तर याहून अवघड. एकूण विजय मोजले तर २०२३ साली सर्वांआधी हजारावा विजय मिळविणारे मिशिगन अग्रभागी. पण एकोणिसाव्या शतकात मैदान गाजविणाऱ्या येलच्या विजयांचे आज मोल किती धरावे? हे गणित सांगत नाही. ते माणसालाच आधी ठरवावे लागते.

बेरीज पक्षपात करीत नाही. पण काय मोजावे हे ठरविणारा करू शकतो. म्हणून क्रमांक पाहण्यापूर्वी सूत्र पाहावे.